गोमधली योसेची कोडी कशी सोडवायची: मोजणी, क्रम आणि शेवटची मोठी खेळी

गो या खड्यांनी क्षेत्र वेढण्याच्या खेळात पटावरच्या मोठ्या लढाया संपतात, दोन्ही बाजूंचे गट जगले की मेले हे ठरतं आणि उरतात त्या फक्त सीमा. या टप्प्याला योसे म्हणतात. योसेच्या कोड्यात प्रश्न साधा दिसतो: काळ्याची पाळी आहे, सर्वोत्तम खेळ झाला तर निकाल काय? जगण्या-मरण्याच्या कोड्यात एक चमकदार खेळी सापडली की काम झालं, तसं इथे होत नाही. इथे सहा-सात छोट्या जागा एकाच वेळी उघड्या असतात. प्रत्येकीची किंमत वेगळी असते आणि एका जागेचा क्रम चुकला तरी एक-दोन गुण जातात. कोडं नेमकं त्या एका गुणावरच बेतलेलं असतं.

बरेच खेळाडू दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण नुसत्या अंदाजाने मोठी वाटणारी खेळी निवडतात. काही जण सगळं मोजून यादी करतात आणि त्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. दोन्हींत उत्तर चुकतं. मोजणीमुळे कुठल्या दोन-तीन खेळ्यांचा विचार करायचा ते कळतं. त्यांच्यातली खरी कोणती, हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला काय तपासायचं

आधी नियम कोणते ते पाहा. जपानी पद्धतीत वेढलेले रिकामे बिंदू आणि कैदी (पकडलेले खडे) मोजतात. चिनी पद्धतीत वेढलेले बिंदू आणि पटावरचे स्वतःचे जिवंत खडे मोजतात. बहुतेक छापील कोडी जपानी मोजणी धरून असतात आणि पुढची सगळी गणितंही तशीच केली आहेत. कोमी (दुसरा खेळत असल्याबद्दल पांढऱ्याला मिळणारे गुण) धरायचा की नाही आणि आधीचे कैदी दिले आहेत का, हेही बघून घ्या.

मग प्रत्येक गट खरोखर जिवंत आहे का ते तपासा. ही पायरी वगळण्याचा मोह फार होतो, कारण कोडं ‘फक्त योसेचं’ आहे असं आपण गृहीत धरतो. पण चांगल्या कोड्यांत एखाद्या गटाला दुसरा डोळा (गटाच्या आतला सुरक्षित रिकामा बिंदू; जगायला असे दोन लागतात) करायला पुढे कधीतरी एक खेळी खर्च करावी लागते. ती खेळी कोणत्या क्षणी सक्तीची होते, यातच अनेकदा उत्तर दडलेलं असतं.

त्यानंतर जे बिंदू कोणीही कसंही खेळलं तरी बदलणार नाहीत, ते मोजून बाजूला ठेवा. उदाहरणार्थ, काळा १४, पांढरा १२. हा आकडा कागदावर लिहा. उरलेल्या प्रत्येक उघड्या जागेला एक अक्षर द्या. दोन जागा एकमेकींवर परिणाम करत असतील, म्हणजे एकीत खेळल्यावर दुसरीतल्या गटाच्या मोकळिकी (खड्यांना लागून असलेले रिकामे बिंदू) कमी होत असतील, तर त्यांना वेगळी अक्षरं देऊ नका. ती एकच जागा आहे असं समजून वाचा.

एका जागेची किंमत काढणे

प्रत्येक जागेसाठी दोन ओळी वाचायच्या. काळा आधी खेळला तर काय होतं आणि पांढरा आधी खेळला तर काय होतं. दोन्ही ओळी तिथली स्थिती शांत होईपर्यंत न्यायच्या. मग दोन गोष्टी टिपायच्या: शेवटी गुणांचा फरक किती पडला आणि कोणी किती खेळ्या जास्त खर्च केल्या.

हाने म्हणजे समोरच्याच्या खड्याला वळसा घालणारी तिरकी खेळी. पहिल्या ओळीवरच्या हानेचं उदाहरण घेऊ. पटाच्या कडेला पहिल्या ओळीवर डावीकडून उजवीकडे क, ख, ग, घ असे चार रिकामे बिंदू आहेत. क आणि ख यांच्या वर, दुसऱ्या ओळीवर, काळ्याची सलग भिंत आहे. ग आणि घ यांच्या वर पांढऱ्याची सलग भिंत आहे. काळा आधी खेळला तर तो ग वर हाने करतो, पांढरा घ वर अडवतो आणि ग आतारीत, म्हणजे पुढच्या खेळीत पकडला जाईल अशा स्थितीत, आल्यामुळे काळा ख वर जोडतो. काळ्याकडे क हा एक बिंदू उरतो, पांढऱ्याकडे या चारांपैकी एकही नाही. पांढरा आधी खेळला तर पांढरा ख, काळा क, पांढरा ग. आता पांढऱ्याकडे घ उरतो आणि काळ्याकडे काही नाही. काळा आधी खेळला तर काळा एकाने पुढे, पांढरा आधी खेळला तर पांढरा एकाने पुढे. एकूण फरक २ गुण.

दोन्ही ओळींत सुरुवात करणाऱ्याने एक खेळी जास्त खर्च केली, म्हणजे पाळी समोरच्याकडे गेली. याला गोते म्हणतात. दोन्ही ओळींतल्या जास्तीच्या खेळ्या मिळून दोन होतात, म्हणून २ गुणांना २ ने भागायचं. एका खेळीची किंमत १ गुण.

आता याच आकृतीत एक बदल करा. पांढऱ्याची भिंत ग च्या वरून सरळ आत जाते आणि घ च्या वरचा दुसऱ्या ओळीवरचा बिंदू रिकामा आहे. त्याला च म्हणू. काळा ग, पांढरा घ, काळा ख झाल्यावर काळ्याला च वर कापण्याची धमकी मिळते, कारण तो कापला की घ वरचा खडा लगेच आतारीत येतो. म्हणून पांढरा च वर जोडतो आणि पाळी पुन्हा काळ्याकडे येते. ही काळ्याची सेन्ते. हिशेब असा: काळा आधी, तर काळ्याकडे क हा १ आणि पांढऱ्याकडे ग, घ, च पैकी शून्य. पांढरा आधी, तर काळ्याकडे शून्य आणि पांढऱ्याकडे घ व च मिळून २. फरक ३ गुण. पण काळ्याच्या ओळीत खेळ्या समसमान झाल्या आणि पांढऱ्याच्या ओळीत पांढऱ्याची एकच जास्त गेली. म्हणून भागायचं १ ने. पांढऱ्याने तिथे आधी खेळणं, म्हणजे उलट सेन्ते, एका खेळीला ३ गुणांचं आहे.

भिंतीतला एकच बिंदू रिकामा झाला आणि किंमत तिप्पट झाली. म्हणूनच ‘पहिल्या ओळीवरची हाने म्हणजे अमुक गुण’ असं पाठांतर कामाचं नाही. आणि ‘पांढऱ्याने च वर जोडलंच पाहिजे’ हेही वाचून ठरवा. काळ्याने कापल्यावर घ चा खडा पळू शकतो का, की कापणारा काळा खडाच मरतो? तो मरत असेल तर धमकी पोकळ आहे आणि जागा पुन्हा गोते ठरते. धमकी खरी असली तरी तिची किंमत पटावरच्या सर्वांत मोठ्या खेळीपेक्षा कमी असेल, तर समोरचा उत्तर न देता दुसरीकडे खेळेल. सेन्ते हा त्या जागेचा कायमचा गुणधर्म नाही. त्या क्षणी बाकी पटावर काय उरलं आहे, त्यावर तो ठरतो.

भाजक लक्षात ठेवायला सोपे आहेत. दोन्ही बाजूंनी गोते असेल तर २, एका बाजूची सेन्ते असेल तर १ आणि साधा को (एकेक खडा आळीपाळीने परत पकडता येईल अशी जागा; लगेच परत पकडायला मनाई असल्याने आधी दुसरीकडे धमकी खेळावी लागते) असेल तर ३. डावाच्या अगदी शेवटी उरणाऱ्या एका खड्याच्या कोमध्ये फरक फक्त १ गुणाचा असतो. एकाला तो जिंकायला दोन खेळ्या लागतात, घेणे आणि भरणे. दुसऱ्याला एकच, भरणे. म्हणून एका खेळीची किंमत एक तृतीयांश.

दोन्ही बाजूंनी सेन्ते असलेली जागा या भागाकारात बसत नाही, कारण कोणाचीच खेळी जास्त खर्च होत नाही. अशी जागा ज्याला आधी सापडेल त्याने घ्यावी. कोड्यात ती दिसली तर बहुधा पहिली खेळी तीच असते, पण समोरच्याने उत्तर न देण्याची शक्यता एकदा तपासाच.

कैद्यांचा हिशेब इथे सगळ्यांत जास्त चुकतो. पकडलेला एक खडा २ गुणांचा असतो: एक कैदी आणि एक त्याच्या खालचा रिकामा झालेला बिंदू. आतारीतला एकच खडा पकडायचा की वाचवायचा, एवढीच जागा असेल तर फरक २, गोते, एका खेळीला १. पण पकडल्यानंतर त्याच बिंदूवर पुन्हा खडा भरावा लागत असेल, तर बिंदूचा गुण जातो आणि फक्त कैद्याचा १ उरतो.

पुढची खेळी उरत असेल तर

कित्येक जागांमध्ये एक खेळी झाल्यावर तिथेच आणखी एक छोटी खेळी शिल्लक राहते. ती पुढची खेळी गोते असेल तर कोण खेळेल हे ठरलेलं नसतं, म्हणून दोन्ही शक्यतांची सरासरी धरायची. ती सेन्ते असेल तर सेन्तेवाल्याला ती मिळणारच असं धरायचं.

हे समजायला बंद बोळ उत्तम. काळ्याच्या भक्कम भिंतींमध्ये एक अरुंद, एक बिंदू रुंदीचा बोळ आहे, एका टोकाला बंद. उघड्या तोंडाशी पांढरा खडा उभा आहे. बोळात २ रिकामे बिंदू असतील तर काळा तोंड बंद करून १ गुण राखतो. पांढरा आत शिरला तर उरलेला एक बिंदू कोणाच्याच कामाचा नाही. फरक १, एका खेळीला अर्धा गुण, आणि न खेळता बोळाची सरासरी किंमतही अर्धा. ३ बिंदूंच्या बोळात काळ्याने बंद केलं तर २ गुण. पांढरा शिरला तर २ बिंदूंचा बोळ उरतो, त्याची सरासरी अर्धा. फरक दीड, एका खेळीला पाऊण, सरासरी सव्वा. ४ बिंदूंच्या बोळात ३ विरुद्ध सव्वा, फरक पावणेदोन, एका खेळीला सात अष्टमांश. बोळ कितीही लांबला तरी किंमत १ च्या जवळ जात राहते, १ होत नाही.

यावरून दोन निष्कर्ष थेट निघतात. अनेक बोळ उघडे असतील तर आधी लांब बोळ, मग आखूड. आणि १ गुणाची कोणतीही साधी गोते, उदाहरणार्थ वरची सलग भिंतीतली हाने, बोळांपेक्षा मोठी आहे. नुसत्या नजरेला पाच बिंदूंचा बोळ हानेपेक्षा मोठा वाटतो, पण तो नाही. योसेच्या या बारीक अपूर्णांकांचा पद्धतशीर अभ्यास गणितज्ञ एल्विन बर्लेकॅम्प (१९४०–२०१९) यांनी केला, आणि गुणाच्या अंशात दिसणारा फरक शेवटी पूर्ण गुण कसा ठरतो हे त्यातून स्पष्ट झालं.

क्रमाचा पहिला मसुदा

सगळ्या किमती निघाल्या की उतरत्या क्रमाने मांडा. समजा काळ्याची पाळी आहे आणि तीन जागा उरल्या आहेत:

अ: गोते, फरक ४, एका खेळीला २.
आ: पांढऱ्याची सेन्ते, फरक ३, म्हणून काळ्याला उलट सेन्ते, एका खेळीला ३.
इ: गोते, फरक २, एका खेळीला १.

काळ्याने ‘४ मोठे’ म्हणून अ घेतला तर पांढरा आ मध्ये सेन्ते खेळतो, काळा उत्तर देतो आणि पांढराच इ घेतो. काळ्याच्या पदरात ४. काळ्याने आ घेतला तर पांढरा अ घेतो आणि काळा इ. पदरात ३ अधिक २, म्हणजे ५. न भागलेला आकडा पाहून खेळणाऱ्याचा एक गुण गेला.

स्वतःच्या सेन्ते कधी खेळायच्या, यावर सरसकट नियम नाही. समोरचा उलट सेन्ते घेण्याइतकी बाकी पटाची किंमत खाली आली, की त्याआधी त्या खेळून टाकायच्या. फार लवकर खेळल्या तर कोसाठी लागणाऱ्या धमक्या स्वतःच्या हाताने संपतात. कोड्यात को होण्याची शक्यता दिसत असेल तर सेन्ते खेळण्यापूर्वी थांबा.

मसुदा मोडून पाहणे

इथून पुढचं काम खरं कोडं सोडवण्याचं आहे. दोन खेळ्यांची किंमत सारखी निघाली की ‘कोणतीही चालेल’ असं समजू नका. एक उदाहरण नीट पाहा.

प ही साधी गोते आहे: काळा खेळला तर काळ्याला ४, पांढरा खेळला तर ०. फ मध्ये पांढरा खेळला तर ०. काळा खेळला तर तिथे एक पुढची खेळी उरते, जी काळ्याने खेळल्यास एकूण ६ आणि पांढऱ्याने खेळल्यास एकूण २. फ मध्ये काळ्याच्या खेळीनंतरची सरासरी ४, म्हणून फरक ४, एका खेळीला २. प ची किंमतही २. मोजणीच्या दृष्टीने दोन्ही अगदी सारख्या.

काळ्याची पाळी. काळ्याने प घेतला तर पांढरा फ बंद करतो, एकूण ४. काळ्याने फ घेतला तर पटावर आता दोन खेळ्या उरतात: फ मधली पुढची आणि प. पांढरा एक घेईल, काळा दुसरी. पांढऱ्याने प घेतला तर काळा फ पूर्ण करून ६. पांढऱ्याने फ मधली पुढची घेतली तर २ अधिक प चे ४, पुन्हा ६. तर काळ्यासाठी फ बरोबर आणि प चूक, फरक चक्क २ गुणांचा.

पांढऱ्याची पाळी असेल तर? पांढऱ्याने फ बंद केला तर काळा प घेतो, एकूण ४. पांढऱ्याने प घेतला तर काळा फ मध्ये खेळतो आणि पांढरा तिथलीच पुढची खेळी घेऊन काळ्याला २ वर रोखतो. म्हणजे पांढऱ्यासाठी प बरोबर! काळ्याला जी जागा हवी, ती पांढऱ्याने आधी घ्यायची असं नेहमी नसतं.

कारण एकच. या किमतीची शेवटची खेळी कोणाला मिळते, त्यावर निकाल फिरतो. जपानीत हिला तेदोमारी म्हणतात. फ मध्ये काळा खेळला की एक नवी खेळी जन्माला येते आणि उरलेल्या खेळ्यांची सम-विषम बदलते. म्हणून यादी तयार झाल्यावर किमतींमध्ये मोठी घसरण कुठे आहे ते शोधा, जसं की २, २, २ आणि मग एकदम अर्धा. त्या घसरणीच्या आधीची शेवटची खेळी आपल्याला मिळते का, हे मोजा. मिळत नसेल, तर खेळ्यांची संख्या एकाने बदलता येईल अशी जागा शोधा. किमती १, पाऊण, अर्धा अशा हळूहळू उतरत असतील, तर घसरण नाही आणि मोठी खेळी आधी घेणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

मसुदा तपासताना प्रत्येक जागेत आणखी एक प्रश्न विचारा: इथे ठरावीक खेळीपेक्षा वेगळं काही आहे का? पहिल्या ओळीवर फक्त हाने नसते. सरळ खाली उतरणं असतं. त्यात तात्काळ लाभ कमी दिसतो, पण पुढे सेन्ते उरते. समोरच्याच्या क्षेत्रात थेट पहिल्या ओळीवर खडा टाकणं असतं. दुसऱ्या ओळीवरच्या खड्यापासून आडवे तीन बिंदू आणि खाली एक अशी माकडउडी असते. ती साधारणतः ८ गुणांची सेन्ते धरली जाते, पण भोवतालच्या आकारानुसार हा आकडा बदलतो. आणि एक खडा बळी देऊन समोरच्याला स्वतःच्याच क्षेत्रात खडा भरायला लावणं असतं. ही चाल सुचत नाही, कारण सुरुवातीला तोटा दिसतो.

मोकळिकींची कमतरता हा दुसरा सापळा. बाहेरचे दामे (कोणाच्याच क्षेत्रात नसलेले रिकामे बिंदू) भरले जातात तशी भिंतीतली जुनी कापाकापी जिवंत होते. आधी जिथे आतारीला उत्तर द्यायची गरज नव्हती, तिथे शेवटी स्वतःच्या क्षेत्रात एक खडा भरावा लागतो आणि जपानी मोजणीत एक गुण जातो. आपला निकाल कोड्याच्या उत्तरापेक्षा नेमका एका गुणाने वेगळा येत असेल, तर आधी हेच तपासा: सगळे दामे भरल्यावर कोणाला आत जोडावं लागतं?

शेवटी पट खरोखर भरून मोजा. डोक्यातले फरक बेरीज करून आलेला निकाल आणि अंतिम पटावरची मोजणी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर एखादा बिंदू दोन जागांत मोजला गेला आहे किंवा कैदी सुटला आहे.

सराव

सुरुवात ९×९ च्या कोड्यांनी करा. एका कोड्याला उत्तर न पाहता पुरेसा वेळ द्या आणि पहिली खेळी सापडली तरी थांबू नका. अंतिम फरक लिहून काढा. पहिली खेळी बरोबर पण निकाल चूक, असं झालं तर कोडं सुटलेलं नाही.

किमतीची जाण यायला बर्लेकॅम्प यांनी सुचवलेला पत्त्यांचा प्रकार अतिशय उपयोगी आहे. ४, साडेतीन, ३ असे अर्ध्या गुणापर्यंत उतरणारे कागदी पत्ते पटाशेजारी ठेवा. प्रत्येक पाळीला खेळाडू पटावर खेळतो किंवा सर्वांत वरचा पत्ता घेऊन तेवढे गुण मिळवतो. पटावरची खेळी पत्त्यापेक्षा मोठी आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी समोर उभा राहतो आणि किंमत चुकीची लावली की लगेच तोटा दिसतो.

संगणकाकडून उत्तर तपासताना काटागो हा गो खेळणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याने दाखवलेला गुणांचा अंदाज बघा, विजयाची टक्केवारी नको. पुढे असलेल्या बाजूला एक गुण गमावूनही टक्केवारी तशीच राहू शकते. मोजणीचे नियमही कोड्याप्रमाणे आधी लावून घ्या.

नियमांचा फरक अगदी शेवटच्या दामेपर्यंत जाणवतो. जपानी मोजणीत दामे शून्याचा. चिनी मोजणीत दामेवर ठेवलेला प्रत्येक खडा एक गुण देतो, म्हणून विषम दामे उरले असतील तर पहिला घेणारा पुढे जातो. १९×१९ च्या पटावर ३६१ बिंदू आहेत. सेकीमुळे (दोन गट एकमेकांना पकडू शकत नाहीत अशा स्थितीमुळे) कोणाचाच न होणारा बिंदू उरला नसेल तर पटावरचा फरक नेहमी विषम येतो, ७ किंवा ९, पण ८ कधीच नाही. त्यामुळे साडेसातच्या कोमीत, जपानी मोजणीने मिळवलेला एखादा गुण चिनी निकाल बदलतोच असं नाही. उलट, शेवटच्या कोसाठी दिलेल्या धमक्या आणि उरलेले दामे यांची संख्या तिथे निर्णायक ठरते. चिनी नियमांचं कोडं असेल तर यादीत दामेही लिहा, प्रत्येक खेळीला १ गुण धरून. बाकीच्या साध्या खेळ्यांच्या किमतीतही तोच १ मिळवा, मग सगळे आकडे एकाच मापात येतात.